टेकडीवरील दहा चौकटी : तिसऱ्या पावसाळ्याची नोंद

पुण्याच्या पश्चिमेकडील टेकडीवर आम्ही आखलेल्या दहा चौकटींची या हंगामातील चौथी फेरी गेल्या रविवारी पूर्ण झाली. प्रत्येक चौकट एक मीटर लांब आणि तेवढीच रुंद असून, जून ते ऑक्टोबर या काळात दर तीन आठवड्यांनी तिच्यात दिसणारी प्रत्येक वनस्पती आम्ही वहीत लिहितो.

तीच चौकट पुन्हा सापडणे हेच पहिल्या वर्षी अवघड गेले. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरांची चूक राहते आणि कोपऱ्यांत ठोकलेले खिळे पुढच्या जूनमध्ये जागेवर नव्हते. म्हणून आता जवळच्या दोन कातळांवर रंगाची खूण करून तेथून टेपने अंतर मोजतो.

यंदा नोंदलेल्या जातींची संख्या पहिल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट भरली, तेव्हा सर्वांनाच आनंद झाला. परंतु जुनी वही चाळल्यावर लक्षात आले, की ही वाढ बहुतांशी गवतांची आहे. पहिल्या वर्षी आम्ही नुसते 'गवत' असे लिहून पुढे जात होतो. गेल्या हिवाळ्यात कणसे, कुसळे आणि पान जेथे काडीला बिलगते तेथील पातळ पापुद्रा भिंगाखाली पाहायला शिकलो, त्यामुळे तीच गवते आता निरनिराळ्या नावांनी वहीत आली आहेत. म्हणून तीन वर्षांची तुलना केवळ केना, टाकळा, कुर्डू, तेरडा अशा पहिल्यापासून खात्रीने ओळखता येणाऱ्या वनस्पतींपुरतीच करायची आणि गवतांची मोजणी या वर्षापासून धरायची, असे ठरवले आहे.

सहाव्या चौकटीत सलग दुसऱ्या वर्षी कुर्डू नाही. आयनॅचरलिस्ट या, लोकांनी पाहिलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावरील छायाचित्र 'येथे हे होते' एवढे सांगते. 'शोधले, पण सापडले नाही' ही नोंद मात्र ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी गेल्याशिवाय मिळत नाही, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. शेजारच्या गिरिपुष्पाची सावली त्या चौकटीवर सरकली आहे. तरीही कुर्डू एका हंगामाचे झाड असल्याने केवळ सावलीला कारण ठरवणे घाईचे होईल. यापुढे प्रत्येक फेरीत सावलीचा अंदाजही लिहिला जाईल.

पायवाटेकडील नवव्या चौकटीत गाजर गवताची तीन रोपे आली आहेत. पुण्यातील या तणाची नोंद 1956 मध्ये प्रसिद्ध झाली होती. आज ते कोठेही दिसते. ते उपटण्याची इच्छा अनावर होते, परंतु चौकटीत आपला हात लागला तर पुढील सारी नोंद निरुपयोगी ठरेल, म्हणून आम्ही चौकटीबाहेरचेच गाजर गवत काढतो, तेही हातमोजे घालून आणि फुलण्यापूर्वी.

पुढच्या फेरीला येणाऱ्यांनी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणावे आणि फुलाबरोबर पानाची मागची बाजू, खोड व संपूर्ण झाड यांचीही छायाचित्रे घ्यावीत. गेल्या फेरीतील चार वनस्पती केवळ फुलाच्या छायाचित्रामुळे अनोळखी राहिल्या आहेत.