काळी-पिवळी पद्मिनी, १:४३ : चकाकी उतरवण्याचे काम

गेल्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अखेर टेबलावर घेतली आणि आतापर्यंत तिच्यावर सहा संध्याकाळी गेल्या आहेत. मॉडेल १:४३ प्रमाणाचे आहे. मूळ गाडी साधारण ३.९ मीटर लांबीची असल्यामुळे हे जेमतेम ९ सेंटिमीटर भरते. घडण चांगली आहे, मागच्या उभ्या टेललाइटही नेमक्या आहेत, आणि तरीही ती शोकेसमध्ये ठेवली की खेळणे वाटायची. याचे कारण मला दोन दिवसांनी उमगले, ते असे की काळी बॉडी, पिवळा टप, बंपर आणि टायर हे सगळे एकसारखेच चकाकत होते. मुंबईत व्हीटी (आताचे सीएसएमटी) स्टेशनाबाहेरच्या रांगेतली खरी टॅक्सी आठवून पाहावी : बॉनेट सकाळी फडके मारून लख्ख केलेले, टप उन्हाने विटलेला, टायर धुळीने राखाडी, आणि बंपर चमकला तरी कडेने काळवंडलेला. तेव्हा या कामात नवे काही चढवण्यापेक्षा जागोजागी चमक उतरवायची, असे ठरवले.

पहिली संध्याकाळ केवळ सफाईत गेली. तळाचे दोन स्क्रू काढून बॉडी वेगळी केली, भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुतली आणि रात्रभर वाळत ठेवली. बोटांचा तेलकटपणा राहिला तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग तिथे धरत नाही, म्हणून पुढचे सर्व काम हातमोजे घालूनच केले.

दाराच्या आणि डिकीच्या फटींचा प्रश्न जरा विचित्र होता. फिकट गाडीवर आपण सवयीने काळा पातळ रंग फटींत सोडतो. पण काळ्याच बॉडीवर तो दिसणार कसा? म्हणून धुळीसारखा करडा-तपकिरी ॲक्रिलिक घेतला, त्यात पाणी आणि साबणाचा एक थेंब टाकून तो इतका पातळ केला की ब्रशचे टोक फटीला टेकताच रंग आपोआप पुढे धावत गेला. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि रंग थेंब धरून बसत नाही. दहा मिनिटांनी किंचित ओलसर कापसाच्या काडीने वरचा रंग पुसून घेतला, तेव्हा चारही दारे पहिल्यांदाच वेगळी दिसू लागली. टपावर मात्र नेहमीचा काळपट तपकिरी रंग पावसाच्या पन्हाळीपुरता वापरला आणि वरून अर्धचकाकीचे वॉर्निश दिले.

ग्रिलच्या पट्ट्यांमध्ये काळा पातळ रंग सोडून उंचवटे लगेच पुसले. पाच मिनिटांचे काम, पण गाडीचा चेहरा त्यानेच बदलतो. खिडक्यांच्या चौकटींसाठी क्रोमचे पेन वापरले. त्याची शाई टूथपिकच्या टोकावर घेऊन लावली तर रेघ पेनाच्या निबापेक्षा बारीक येते. शाई वरून लवकर सुकल्यासारखी वाटते, परंतु तिला पक्की व्हायला काही दिवस लागतात आणि तोवर बोट लागले तर आरशाची चमक जाऊन राखाडी डाग राहतो. तिच्यावर वॉर्निशही देऊ नये, कारण त्यानेही ती मंदावते.

सर्वांत जास्त वेळ हेडलाइटनी खाल्ला. या आकाराच्या अनेक मॉडेलांत पारदर्शक काचेमागे एक खुंटी असते, आणि समोरून पाहिले की ती डोळ्यातल्या बुबुळासारखी दिसते. दोन्ही काचा मागून हळूच ढकलून काढल्या, खुंटी कटरने छाटली, मागची बाजू बारीक पॉलिशपेपरवर घासली आणि बॉडीतल्या खोबणीला चंदेरी रंग दिला. इथे माझ्याकडून घाई झाली. डावी काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली, आणि त्याच्या वाफेने सकाळपर्यंत ती पांढुरकी पडली. मऊ कापडावर टूथपेस्ट घेऊन अर्धा तास घासल्यावर ती बरीच निवळली, तरी तिरप्या उजेडात अजून किंचित मंद दिसते. जुन्या टॅक्सीचा एक दिवा मंद असणे फारसे खोटे नाही, असे म्हणून ती तशीच ठेवली आहे. उजवी काच फेव्हिकॉलच्या टाचणीएवढ्या थेंबाने बसवली. तो सुकल्यावर पारदर्शक होतो. टेललाइटवर आधी चंदेरी आणि त्यावर पारदर्शक लाल रंगाचे दोन हात दिले.

नंबरपाटीची अक्षरे नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच, म्हणजे आपल्या मापात दीड मिलिमीटर. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे लेझर प्रिंटरवर छापली, कागदाच्या पांढऱ्या कडा पेन्सिलने काळ्या केल्या आणि मग चिकटवली. सुरुवात एमएच-०१ अशी, म्हणजे मुंबईच्या तारदेव आरटीओची. तिथेच शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. माझी गाडी त्या शेवटच्या वर्षांतली करायची नव्हती. यांत्रिक मीटर बाहेर असतानाच्या काळातली हवी होती. म्हणून प्लास्टिकच्या पत्र्याचे ४ मिलिमीटरचे तुकडे जोडून मीटरचा डबा केला, त्याला तांब्याच्या तारेची झेंडी लावली आणि तो डाव्या मडगार्डवर बसवला. झेंडी वर ठेवली आहे, म्हणजे टॅक्सी रिकामी आहे.

टायरना शुद्ध काळ्याऐवजी गडद राखाडी मॅट रंग दिला आणि कडेला थोडी खडूची भुकटी चोळली. राहिले आहे ते टपावरचे कॅरियर. पितळी तारेचा पहिला प्रयत्न फसला, कारण ०.८ मिलिमीटरची तार टपावर लोखंडी गजासारखी दिसू लागली. आता ०.४ मिलिमीटरची तार आणली असून रविवारी लाकडी फळीवर खिळे ठोकून साचा करणार आहे.