आजी, घोटभर पाणी प्या

मी कम्युनिटी रेडिओवर काम करते, हे सातवं वर्ष. हे सांगितलं की समोरचा विचारतोच, म्हणजे आकाशवाणी का? नाही. मग ते प्रायव्हेट एफएम, गाणी आणि बडबडवालं? ते पण नाही. आमचा म्हणजे आसपासच्या गावांसाठी एका संस्थेने चालवलेला छोटा रेडिओ. आमची ताकद सरकारने ठरवून दिलेली, १०० वॅट, म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी, आणि टॉवर ३० मीटरच्या वर न्यायचा नाही. हवा चांगली असेल तर रेडिओ दहा-बारा किलोमीटर ऐकू जातो, मधे डोंगर आला की संपलं. पण त्या तेवढ्या गावांत म्हाताऱ्या बायका पीठ मळताना, पुरुष गोठ्यात, असा आमचाच रेडिओ चालू असतो आणि फोनवर मला सगळे "अगं पोरी" म्हणतात, ताई वगैरे कोणी म्हणत नाही.

तर हा किस्सा मागच्या एप्रिलमधला. दुपारी ओव्यांचा लाइव्ह कार्यक्रम असतो माझा. बायका फोन करतात, जात्यावरच्या ओव्या म्हणतात, मी मधे मधे दोन शब्द बोलते. त्या दिवशी एक आजी होत्या, नेहमी फोन करणाऱ्या, आवाज खणखणीत, आणि ओव्या अशा की त्यांचा फोन आला की आमचे टेक्निशियन दादा पण हेडफोन लावून बसतात. तिसरी ओवी चालू होती आणि मधेच त्यांना ठसका लागला. मोठा ठसका, थांबेचना. मी आपलं सवयीने म्हणाले, "आजी, घोटभर पाणी प्या, आम्ही थांबतो."

तर आजी म्हणाल्या, "कुठलं पाणी पिऊ गं पोरी? अकरा दीस झालं नळाला थेंब न्हाई. पंचायतीत गेलं की म्हनत्यात हुईल हुईल. हिरीवरनं आनून आनून कंबर गेली माजी."

झालं. हे सगळं लाइव्ह गेलं.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल यात काय एवढं, म्हातारीने पाणी नाही म्हटलं, खरंच नव्हतं. पण माझ्या हाताला घाम फुटला. कारण आमच्या परवान्यात बातम्या बंद आहेत. बातम्या, चालू घडामोडी, राजकीय स्वरूपाचं काहीही, नाही म्हणजे नाही. मी काचेतून दादांकडे बघितलं, दादांनी आधीच गाण्यावर बोट ठेवलं होतं, मी "आजी, आपण जरा एक गाणं ऐकूया" असं काहीतरी पुटपुटले आणि फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली केला. आजी पलीकडे अजून बोलतच होत्या, ते फक्त मला हेडफोनमध्ये ऐकू येत होतं.

गाणं संपायच्या आत ऑफिसचा फोन वाजायला लागला. पहिले चार-पाच फोन त्याच गावातले, आमच्या आळीत पण नाही, ते पण लावा रेडिओवर. सहावा फोन गावच्या एका कारभाऱ्यांचा. तुम्ही रेडिओवरून राजकारण करता का, कुणी सांगितलं तुम्हाला हे, आम्ही दिल्लीला कळवू. आणि तासाभरात दोन माणसं मोटरसायकलवर हजर, आजच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर द्या म्हणून. रेकॉर्डिंग असतं आमच्याकडे. प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो, नियमच आहे. पण ते काय गावातल्या कुणालाही वाटायला नाही ठेवत. मॅडमनी, म्हणजे आमच्या स्टेशनप्रमुखांनी, त्यांना चहा दिला, लेखी अर्ज द्या म्हणाल्या, अर्ज म्हटल्यावर ते जरा नरमले. पण जाताना एक जण म्हणून गेला की एक महिना बंद पडलं ना मग कळेल.

आणि ते तो उगीच म्हणाला नव्हता, कुणीतरी त्याला नीट शिकवून पाठवलं होतं. नियमभंग झाला असं ठरलं तर पहिल्या वेळी एक महिन्यापर्यंत स्टेशन बंद ठेवू शकतात, दुसऱ्या वेळी तीन महिन्यांपर्यंत, त्यानंतर परवानगीच काढून घेतात. आमच्यासारख्यांचं महिनाभर बंद म्हणजे कायमचंच बंद. जाहिराती तासाला १२ मिनिटं वाजवायची मुभा आहे, २०२४ पासून, आधी ७ होती, आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला, पण १२ मिनिटं भरतील एवढ्या जाहिराती आहेत कुणाकडे? खताच्या दुकानाची एक, क्लासची एक, आणि सरकारी आली तर आली.

संध्याकाळी मॅडम, दादा आणि मी असे तिघं ती नियमांची प्रिंट घेऊन बसलो. मी ती आधी वाचली होती, पण परीक्षेला वाचतात तशी. त्या दिवशी पहिल्यांदा शब्द न शब्द वाचला. त्यात असं आहे की काही गोष्टी बातमी धरायच्या नाहीत, त्या चालतात. हवामान, रहदारी, परीक्षा, निकाल, नोकरीच्या जागा, सण-उत्सव, आणि वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे. मी एकदम खूश, म्हटलं मॅडम हे बघा, पाणीपुरवठा लिहिलाय की! मॅडमनी चष्मा वर केला आणि पुढचं वाचून दाखवलं. स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती असेल तर.

म्हणजे उद्या पाणी येणार हे पंचायतीने सांगितलं तर ती सूचना. अकरा दिवस पाणी आलं नाही हे आजीने सांगितलं तर ती बातमी. पाणी तेच, नळ तोच, फक्त कोण बोलतंय यावर ठरतं. दादा म्हणाले, म्हणजे थेंब आला की चालतो, नाही आला की चालत नाही. त्यावर आम्ही तिघं हसलो पण ते हसणं काही खरं नव्हतं.

बरं, बातम्या अगदीच नसतात असंही नाही. आकाशवाणीच्या बातम्या आम्हाला लावता येतात, पण जशाच्या तशा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याच संध्याकाळच्या बातमीपत्रात टँकरची बातमी होती, दुसऱ्या जिल्ह्यातली. ती आमच्या रेडिओवरून आजींच्या गावात व्यवस्थित ऐकू गेली. दीडशे-दोनशे किलोमीटरवर पाणी नाही हे सांगायला परवानगी आहे आणि समोरच्या टेकडीपलीकडच्या गावात नाही हे सांगायला नाही, हे मला तरी सात वर्षांत पहिल्यांदा एवढं डोळ्यात खुपलं.

आणि चिडायला होतं ते यासाठी की त्याच गावातला एक पोरगा, बारावी झालेला, मोबाईल आणि दोनशे रुपयांचा माइक घेऊन यूट्यूब चॅनल चालवतो. त्याने दुसऱ्या दिवशी रिकाम्या घागरींची रांग लावून व्हिडिओ टाकला, वर लाल अक्षरांत ब्रेकिंग न्यूज. चॅनल सुरू करायला त्याला कुणाची परवानगी लागली नाही. २०२१ चे डिजिटल माध्यमांचे नियम आहेत, नाहीत असं नाही, पण आमच्यासारखं आधी दिल्लीचं माहिती-प्रसारण मंत्रालय, मग फ्रिक्वेन्सी, मग करार असं काही त्याच्या मागे नाही. वृत्तवाहिन्या चोवीस तास बातम्या देतात, पेपर देतात, व्हॉट्सअॅप तर विचारूच नका. आकाशवाणी सोडली तर बंदी फक्त रेडिओच्या आवाजाला. सरकारचं म्हणणं असतं की एवढ्या स्टेशनांवर लक्ष कोण ठेवणार, कुणी गैरफायदा घेतला तर, दंगल भडकवली तर. भीती अगदीच खोटी नाही, मान्य. पण रेकॉर्डिंग तीन महिने आमच्याकडूनच जपून घेता ना, मग ऐका आणि चूक असेल तर पकडा. आधीच तोंडावर हात कशाला?

मॅडम जुन्या वकिलीतल्या. त्या म्हणाल्या, १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाच एकदा. भांडण होतं क्रिकेटचं, १९९३ चा हिरो कप कुणी दाखवायचा, दूरदर्शन की बंगालच्या क्रिकेट संघटनेने ज्यांना हक्क विकले ते. आणि त्यातून निकाल आला की प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची नाही, आणि त्यांचं नियंत्रण एका स्वतंत्र स्वायत्त संस्थेकडे द्या. खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, मुख्य निकालपत्र त्यांचंच. त्याच निकालाच्या जोरावर पुढे आमच्यासारखी स्टेशनं आली, २००२ ला आधी शिक्षणसंस्थांना, मग २००६ ला सामाजिक संस्थांना परवानगी. पण ती स्वतंत्र संस्था काही आली नाही, परवानगी अजून मंत्रालयच देतं. मी विचारलं, मग लहरी लोकांच्या तर आजी लोक नाहीत का? मॅडम म्हणाल्या, हे तू मला विचारू नको, आणि उद्या सकाळचं पुनःप्रसारण बघ आधी.

तेच तर होतं. ओव्यांचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी परत लागतो.

त्याआधी मॅडमनी एक काम केलं, जे खरं तर आम्ही अकरा दिवसांपूर्वीच करायला हवं होतं. ग्रामसेवकांना फोन लावला आणि म्हणाल्या, पाणीपुरवठ्याची सूचना द्या, आम्ही फुकट वाचतो. अर्ध्या तासात लेटरहेडवर आलं, शिक्क्यासकट. तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित असून उद्या सायंकाळी सुरळीत होईल, ग्रामस्थांनी सहकार्य करावे. मोटर जळाली होती, पण ते लिहिलं नव्हतं. किती दिवस खंडित तेही नव्हतं. मी ते तीन वेळा वाचलं. उद्या सायंकाळी पाणी काही आलं नाही, परवा दुपारी आलं, तेही आम्ही सांगितलं नाही कारण त्याचं लेटर कोणी दिलं नाही.

रात्री दादा आणि मी एडिटिंगला बसलो. स्क्रीनवर आजींचा आवाज दिसत होता, ओवी म्हणतानाच्या लांब लांब लाटा, मग ठसक्याचे उंच काटे, मग माझं ते एक वाक्य, आणि मग त्यांचं बोलणं, चौदा सेकंद. मी म्हटलं ठेवूया का, कुणाचं नाव तर घेतलं नाहीये त्यांनी. दादा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त ती प्रिंट माझ्याकडे सरकवली. शेवटी मीच सिलेक्ट केलं आणि मीच डिलीट केलं. कट इतका साफ बसला की कळायचंच नाही. ठसका, माझं "घोटभर पाणी प्या, आम्ही थांबतो", एक श्वास, आणि थेट पुढची ओवी, जी त्यांनी गाण्यानंतर परत लाइनवर घेतल्यावर म्हटली होती.

सकाळी कार्यक्रम लागला. संपल्या संपल्या आजींचा फोन. मला वाटलं रागावतील, मी तयारीनेच उचलला. तर त्या हसत होत्या.

"पोरी, रेडिओत मी पाणी प्याले गं."