ऑक्सिजनची चौथी सीट

काल डोंबिवली लोकलमध्ये भाच्याने विचारलं, "मामा, आवर्तात, म्हणजे आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, वाढते ना? मग नायट्रोजनची १४०२ आणि त्याच्या लगेच उजवीकडच्या ऑक्सिजनची १३१४ किलोज्यूल प्रति मोल कशी?"

वाढते खरी. प्रोटॉन वाढतात, नवा इलेक्ट्रॉन मात्र त्याच कवचात, म्हणून केंद्रकाची ओढ घट्ट होते. पण मी समोरचा बाक दाखवला: तिघं ऐसपैस, चौथा कडेला कसाबसा टेकलेला. नायट्रोजनचे बाहेरच्या कवचातले तीन पी-इलेक्ट्रॉन तीन कक्षकांत, म्हणजे कवचातल्या तीन जागांत, एकेकटे. ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी कक्षकात घुसावं लागतं. दोघांत प्रतिकर्षण, म्हणून एकाला उठवणं सोपं. (आमच्या बाकावरचा चौथा ठाण्यापर्यंत हलला नाही, ते सोडा.)

"आणि सीझियम?"

"३७६. त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, दारात लटकलेला."