सोलमधलं परकर-पोलकं: ग्योंगबोकगुंग राजवाड्यात हानबोक घालून काढलेले फोटो

‘‘अगं, हे तर आपलं परकर-पोलकं!’’ दुकानातली कपड्यांची पहिली रांग बघताच आई म्हणाली, आणि हानबोकबद्दल, म्हणजे कोरियाच्या पारंपरिक पोशाखाबद्दल, तिला जो काही परकेपणा वाटायचा होता तो तिथेच संपला. खोटं नाही ते. वर आखूड जॉगोरी, खाली घेरदार छिमा. फरक एवढाच की हा परकर कमरेला नाही, छातीच्या वर बांधतात, त्यामुळे बाई उंच दिसते आणि पोट नावाची गोष्टच उरत नाही. जॉगोरीला बटण नाही, बंद आहेत. ते बघून आईला बाराबंदी आठवली.

दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघी दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलला गेलो होतो: ६८ वर्षांची आई, १५ वर्षांची लेक आणि मी. हानबोक घालून राजवाड्यात फोटो काढायचे हा लेकीचा हट्ट. माझा विरोध होता, कारण आमच्या घरी काश्मीरचा एक फोटो आहे. डोक्यावर झुमर, हातात प्लॅस्टिकच्या फुलांची टोपली आणि आईच्या चेहऱ्यावर ‘आटपा आता’. मराठी घरात असा एक फोटो असतोच. पुन्हा त्याच प्रकारावर पैसे का घालायचे? शेवटी तडजोड झाली: कपडे साधे घ्यायचे, आणि सोबत वाट दाखवणारी छायाचित्रकार घ्यायची. ही तडजोड योगायोगाने बरोबर निघाली. तुम्ही जाणार असाल तर पैसे कपड्यांवर कमी आणि माणसावर जास्त खर्च करा.

हिशेब आधी सांगते. हजार वॉन म्हणजे आम्ही गेलो तेव्हा साधारण ६० रुपये. कपड्यांचं भाडं दोन तासांना माणशी २० हजार वॉनच्या आसपास पडलं, वेणीफणी त्यातच. छायाचित्रकाराचे तासाभराचे, तिघींचे मिळून दीड लाख वॉन. जरीचे, जास्त झगमगीत हानबोक बरेच महाग असतात. राजवाड्याचं तिकीट मोठ्यांना ३ हजार वॉन आहे, पण हानबोक घातला असेल तर प्रवेश फुकट.

वार बघून जा. ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद असतो आणि शेजारचा छांगदोकगुंग सोमवारी. मेट्रोची तीन नंबरची लाइन, ग्योंगबोकगुंग स्टेशन. पाच नंबरच्या दारातून वर आलात की राजवाड्याच्या आवारातच पोचता, आणि हानबोकची दुकानं चार नंबरच्या बाजूला गल्लीगल्लीत आहेत. गूगल मॅप्स तिथे पायी रस्ता धड दाखवत नाही, त्यामुळे नेव्हर मॅप हे कोरियन अ‍ॅप आधीच फोनवर घेऊन ठेवा. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, तो निघण्याच्या पुरेसा आधी करा.

दुकान उघडताच, नऊच्या ठोक्याला आम्ही हजर होतो. तरी वेणी घालून बाहेर पडायला चाळीस मिनिटं गेली. म्हणून छायाचित्रकाराची वेळ ठरवताना कपड्यांच्या वेळेनंतर तासभर तरी सोडा. आमची तिथेच दहा मिनिटं बुडाली. आदल्या रात्री केसांना तेल लावू नका. आईने लावलं होतं. वेणी घालणाऱ्या मुलीने काही न बोलता तीन वेळा हात पुसले, ते बघून मलाच लाजल्यासारखं झालं.

हानबोक आपल्या कपड्यांवरूनच चढवतात. आत पातळ, फिक्या रंगाचा, मोठ्या गळ्याचा टीशर्ट आणि लेगिंग्ज घाला. जॉगोरीच्या गळ्याला पांढरी कडक पट्टी असते आणि तिच्यातून काळा गोल गळा डोकावला की सगळा फोटो वाया. त्या दिवसांत सकाळी आठ-दहा अंश तापमान असतं, तेव्हा थर्मल घालायला हरकत नाही, कोणाला दिसत नाही. छिमाच्या आत फुगवण्यासाठी आणखी एक परकर देतात, सोकछिमा. काही दुकानं त्याऐवजी तारेचा सांगाडा देतात. तो नको म्हणा. त्यात बसता येत नाही आणि स्वच्छतागृहात काय होतं ते मी लिहीत नाही.

रंगाच्या बाबतीत छायाचित्रकाराने आदल्या दिवशीच मेसेज करून बजावलं होतं. राजवाड्याचे खांब तांबडे, वर छताखाली हिरव्या-निळ्याची नक्षी, तिला दानछोंग म्हणतात. त्याच्यापुढे लाल-हिरवा हानबोक हरवून जातो. फिके रंग घ्या: साय, आकाशी, फिकट गुलाबी, राखाडी. शिवाय मागे मोठा चमकता बो, सोनेरी छपाई आणि लेस असलेले कपडे तिला मुळीच पसंत नव्हते. तो हानबोक नव्हे, असं तिचं स्पष्ट मत, आणि कोरियात यावर चांगलाच वाद आहे. हानबोक नेसण्याच्या परंपरेला २०२२ मध्ये तिथल्या सरकारने राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला, तेव्हापासून तर हा प्रश्न आणखी टोकदार झालाय. मला वाटतं, सणाला रेडिमेड शिवलेली नऊवारी घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी यात फार बोलू नये. पण फोटोत साधा कापडी हानबोक जास्त चांगला दिसतो, हे मात्र खरं.

लेकीने मुलींचे कपडे घेतलेच नाहीत. तिला विद्वानांचा लांब झगा आणि काळी रुंद काठाची टोपी, म्हणजे गात, हवी होती. मुळात ही टोपी घोड्याच्या केसांची आणि बांबूच्या बारीक काड्यांची विणतात. भाड्याची अर्थातच तशी नसते. पूर्वी पुरुषाने पुरुषाचा आणि बाईने बाईचाच हानबोक घातला तर फुकट प्रवेश मिळे. २०१९ मध्ये ती अट काढली, त्यामुळे आमचे साहेब ऐटीत आत शिरले.

आईने साय रंगाची जॉगोरी आणि निळी छिमा घेतली. जॉगोरीचे बंद, म्हणजे गोरुम, वांगी रंगाचे. ते बांधायची एक रीत आहे: पूर्ण फुलासारखी गाठ नाही, एकाच पाकळीची सुरगाठ, आणि दोन लांब टोकं खाली सोडायची. छायाचित्रकार ती गाठ नीट करता करता सहज म्हणाली, पूर्वी वांगी रंगाचा गोरुम म्हणजे या बाईचा नवरा हयात आहे, आणि बाहीच्या टोकाला निळी पट्टी म्हणजे तिला मुलगा आहे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी भाषांतर करताना अडखळले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘म्हणजे कुंकूच की. असू दे, मला रंग आवडलाय.’’ मग बाही पुढे करून, ‘‘आणि पट्टी निळी नाहीये ना? बघ. बरोबर आहे. दोन्ही मुलीच.’’

ती मुलगी आईला ‘ओमोनी’ म्हणत होती. त्याचा अर्थ आईच, हे कळल्यावर आई तिच्या प्रत्येक सूचनेला मान डोलवायला लागली. आमचं एवढं कधी ऐकलं नाही.

आत शिरल्यावर वाट दाखवणारं माणूस असण्याचा खरा फायदा कळला. ग्वांगह्वामुन या मुख्य दरवाजापाशी दहा वाजता आणि दोन वाजता पहारा बदलण्याचा सोहळा होतो. ढोल, झेंडे, रंगीत पोशाख. गर्दी तिकडे धावते. तो सोहळा बघायला थांबू नका असं छायाचित्रकाराने सांगितलं आणि आम्हाला थेट गुनजॉंगजॉन या सिंहासनाच्या दालनासमोर नेलं. इथल्या अंगणातली फरशी ओबडधोबड ग्रॅनाइटची आहे. मला वाटलं, नीट तासली नसेल. तसं नाही. गुळगुळीत दगडावरून ऊन डोळ्यांत जातं आणि पाय घसरतो, म्हणून ती मुद्दाम खडबडीत ठेवलेली. तिच्यामुळेच चेहऱ्यावर खालून मऊ उजेड येतो, असं ती म्हणाली. अंगणात दोन्ही बाजूंना दर्जाचे दगड उभे आहेत: पूर्वेला मुलकी अधिकारी, पश्चिमेला लष्करी, दरबारात ज्याने त्याने आपापल्या दगडापाशी उभं राहायचं. लेकीला तिने मुलकी बाजूला उभं केलं. टोपी विद्वानाची ना!

दालनात सिंहासनामागे सूर्य, चंद्र आणि पाच शिखरांचं चित्र आहे. तेच चित्र दहा हजार वॉनच्या नोटेवर सेजोंग राजाच्या मागे छापलंय. नोट काढून दाखवलीत तर लहान मुलांना मजा वाटते.

हात कसे ठेवायचे, हे कुठल्याही व्हिडिओत मी पाहिलं नव्हतं. समोर हात जुळवताना बाईचा उजवा हात वर, पुरुषाचा डावा. लेक पुरुषाच्या वेशात, म्हणून तिचा डावा वर. चालताना छिमा दोन्ही हातांनी उचलायची नाही. आपण पावसात साडी धरतो तशी एका हातात बाजूने गोळा करायची. कॅमेऱ्याकडे बघून ‘चीज’ऐवजी ‘किमची’ म्हणायचं, आणि ‘हाना, दूल, सेत’, म्हणजे एक, दोन, तीन झालं की फोटो. पण चांगले फोटो ‘सेत’नंतर आले. आई हुश्श करून वळली की ती मुलगी पुन्हा बटण दाबायची. पाठमोरे फोटो मागून घ्या. लांब वेणी आणि तिच्या टोकाची रुंद रिबीन मागूनच दिसते.

ग्योंगह्वेरू म्हणजे तळ्यातला ४८ दगडी खांबांवरचा मंडप. सगळ्यांचे फोटो इथलेच असतात, आणि रांगही इथेच. आम्ही पाच मिनिटांत निघालो. माझ्या मते खरी जागा आहे चाग्योंगजॉन या महालाची मागची भिंत. जमिनीखालून घर ऊबदार ठेवणाऱ्या ओनदोलचा धूर बाहेर सोडायला तिथे धुराडी आहे, आणि तिच्यावर दीर्घायुष्याची दहा चिन्हं कोरलीत: सूर्य, पाइनचं झाड, हरीण, करकोचा, कासव वगैरे. ‘‘धुराड्याला एवढी नक्षी?’’ म्हणून आई बोटाने एकेक प्राणी मोजत राहिली. तो फोटो सगळ्यांत सुंदर आला. आमच्या वीस मिनिटांत तिथे फक्त एक जोडपं आलं.

अगदी उत्तरेला ह्यांगवॉनजॉंगचा षट्कोनी मंडप आणि लाकडी पूल. त्याच्या मागच्या वाड्यात १८८७ मध्ये कोरियातले पहिले विजेचे दिवे लागले आणि तिथेच १८९५ मध्ये राणी म्योंगसॉंगची जपानी मारेकऱ्यांनी हत्या केली. छायाचित्रकाराने तिथे कॅमेरा खाली ठेवून एवढंच सांगितलं. आम्हीही फोटो मागितले नाहीत. मूळ राजवाडा १३९५ चा, १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला, मग पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला आणि १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला. आज दिसतं त्यातलं बरंच अलीकडच्या दशकांत नव्याने बांधलेलं आहे.

बुकछोनच्या जुन्या घरांच्या गल्ल्यांत जायचं असेल तर घड्याळ बघा. लोक राहतात तिथे. सगळ्यांत गाजलेल्या चढावर पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा आहे, आणि मार्च २०२५ पासून मोडणाऱ्याला एक लाख वॉन दंड. दंड नसता तरी कुणाच्या दारात उभं राहून गोंधळ घालू नये. ड्रोन त्या सगळ्या भागात विसरा.

आता तक्रार. ठरवताना किती फोटो, किती सुधारून देणार, कधी देणार, हे आम्ही विचारलं होतं. एक विचारायचं राहिलं. दहा दिवसांनी फोटो आले तेव्हा आम्ही तिघी दोन-तीन छटा गोऱ्या झालो होतो, आणि आईच्या गालावरचा तीळ गायब. तिथे चेहरा उजळ आणि अरुंद करून देणं हीच चांगली सेवा समजतात. त्यामागे वाईट हेतू नाही. परत लिहिल्यावर मूळ रंगाचे फोटो विनातक्रार आले. तुम्ही आधीच लिहा: रंग बदलू नका, चेहरा बारीक करू नका, तीळ राहू द्या.

कपडे अंगावर असताना खाऊ नका. डागाचे पैसे घेतात. शाकाहारी असाल तर तोकबोक्कीवर, म्हणजे तिथल्या तांदळाच्या तिखट पदार्थावर, विसंबू नका, बहुतेक वेळा तिच्यात माशाचे तुकडे किंवा सुक्या माशाचं पाणी असतं. आम्ही कपडे परत केल्यावर बागेतल्या बाकावर बसून घरचा चिवडा खाल्ला. छायाचित्रकारालाही दिला. तिला शंकरपाळी जास्त आवडली.

कुणाला हानबोक भाड्याने नव्हे, विकत किंवा शिवून घ्यायचा असेल तर ग्वांगजांग बाजारात जा. खाली खाण्याची गर्दी, वरच्या मजल्यावर रेशमाच्या गाठोड्यांची शांत दुकानं. आईने तिथे वांगी रंगाचं दोन मीटर रेशीम घेतलं, पोलक्याला म्हणून. अजून शिवायला टाकलेलं नाही.