कार्नेद दाविदवर, भर जानेवारीत

वेल्समधल्या बँगोरहून निघालेल्या बसमधून ऑगवेन तळ्याच्या पूर्व टोकाशी उतरले तेव्हा नुकतं फटफटलं होतं. रस्त्याच्या दक्षिणेला ट्रिवनचा सुळका निम्म्यापर्यंत पांढरा झालेला. मला जायचं होतं उत्तरेला, कार्नेदायच्या रांगेतल्या कार्नेद दाविद शिखरावर.

आकडे ऐकून सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला वेल्सचे डोंगर किरकोळ वाटतात. कळसूबाई १६४६ मीटर, कार्नेद दाविद १०४४. वेल्समधलं सर्वांत उंच शिखर, स्नोडन, तेही १०८५ मीटरच. पण हे डोंगर ५३ अंश अक्षांशावर, समुद्राच्या अगदी जवळ उभे आहेत. ओला वारा थेट येऊन माथ्यावर गोठतो आणि चारनंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. त्यामुळे एकटं जायचं तर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दाते), आईस अॅक्स (बर्फात रोवायची कुदळ), कागदी नकाशा, होकायंत्र, हेडटॉर्च आणि शिट्टी हवीच. मिनिटाला सहा शिट्ट्या ही इथली मदतीची हाक. ती ऐकून धावून येणारे रेस्क्यूवाले स्वयंसेवक असतात, आपली कामं टाकून येतात. त्यांना यायला लागू नये, ही एकट्या माणसाची पहिली जबाबदारी मानते मी. कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजेपर्यंत उतरणार, हे बहिणीला आदल्या रात्रीच कळवलं होतं.

शेतघर ओलांडून ओढ्याच्या काठानं चढ सुरू झाला. थोडं वर गेल्यावर घोडी दिसली. कार्नेदायची ही बुटकी, अर्धरानटी घोडी वर्षभर डोंगरावरच राहतात. एक तपकिरी घोडी खुरानं बर्फ उकरून खालचं गवत खात होती. आयाळीत बर्फाचे मणी, नाकपुड्यांतून वाफ. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. २०१३ च्या मार्चमधल्या बर्फात यांच्यातली कितीतरी मेली होती. जी तगली, त्यांची ही पिलावळ असेल.

वाटेतल्या पेन अर ओले वेन शिखराच्या पूर्व धारेवर एक आखूड, खडकाळ घळ लागते. उन्हाळ्यात हात टेकत दोन-चार मिनिटांत पार होते. आज तिच्यात बर्फ घट्ट बसला होता. पायाला क्रॅम्पॉन चढवले. बुटाचं टोक आत मारायचं, वजन टाकून बघायचं, अॅक्स रोवायची, मगच दुसरा पाय. मागेपुढे कुणी नसलं की प्रत्येक पाऊल स्वतःच तपासावं लागतं. मन इतकं एकाच जागी माझं एरवी कधी राहत नाही. त्यासाठीच मी एकटी येते.

९७८ मीटरच्या त्या माथ्यावर वारा कापत होता. दगडांवर गोठलेल्या धुक्याची बोटभर लांब पिसं उगवली होती, सगळी वाऱ्याकडे तोंड करून. ढगातलं पाणी दगडाला लागताक्षणी गोठतं, म्हणून ती वाऱ्याच्या उलट दिशेनंच वाढत जातात. हातमोज्यानं एक मोडलं, तर ऐकू येईल न येईल असा कट्ट आवाज झाला.

तिथून धारेधारेनं कार्नेद दाविद. दगडी आडोशात बसून थर्मासमधला चहा घेतला. ढग फाटले तेव्हा पश्चिमेला अँगलसी बेट आणि राखाडी समुद्र दिसला. पुढे कार्नेद लेवेलिनपर्यंतची धार मोकळी होती. तेराव्या शतकातल्या दोन राजपुत्र भावांची नावं या दोन शिखरांना आहेत, असं मानतात. दुसऱ्या भावाला भेटायची ओढ फार होती. पण त्या धारेच्या उत्तरेला सरळ काळा कडा आहे आणि वाऱ्यानं त्याच्या काठावर बर्फाचा छज्जा बांधला होता. खाली आधार नसलेला. उतरेपर्यंत उजेड पुरला असता तर काठापासून लांबून गेले असते. घड्याळात पावणेएक वाजला होता, ढग पुन्हा बसत होते. मागे फिरले.

घळ तोंड भिंतीकडे करून उतरले, चढतानाच्याच खाचांत पाय ठेवत. रस्त्यावर पोचले तेव्हा गाड्यांचे दिवे लागले होते. रेंज आल्याबरोबर बहिणीला कळवलं, ‘उतरले गं. लेवेलिन राहिला, मार्चमध्ये दिवस मोठा झाला की जाईन.’