अल्ब्युमिनची बाटली: कोणाला, किती आणि कशासाठी

आमच्या रुग्णालयात शिरेवाटे अल्ब्युमिन (यकृतात बनणारे रक्तातले एक प्रथिन) कोणाला, किती आणि कशासाठी दिले गेले, हे पाहण्यासाठी अलीकडे मी जुने केसपेपर वाचायला घेतले. २० टक्क्यांच्या, १०० मिलीच्या, म्हणजे २० ग्रॅम अल्ब्युमिनच्या एका बाटलीला काही हजार रुपये पडतात. बीड-लातूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी ही रक्कम अनेकदा आडत्याकडून उचल घेऊन उभी राहते; म्हणून या औषधाचा हिशेब काटेकोर असला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कागदांवर वारंवार आढळलेले कारण एकच: ‘अल्ब्युमिन कमी’. तपासणीत २.१ आकडा आला की दुसऱ्या दिवशी बाटली लागलेली. वास्तविक गंभीर आजारात अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपते आणि यकृतही ते कमी बनवते; त्यामुळे घटलेला आकडा आजाराची तीव्रता सांगतो, तो बाहेरून भरून काढल्याने आजार हटत नाही. ब्रिटनमधील ‘अटायर’ चाचणीत (२०२१) सिरॉसिसच्या (यकृत कायमचे खराब होऊन घट्ट होण्याच्या आजाराच्या) ७७७ रुग्णांपैकी एका गटाला पातळी वाढवण्यासाठी रोज अल्ब्युमिन दिले गेले. संसर्ग, मूत्रपिंडाचा बिघाड आणि मृत्यू यांत फरक पडला नाही. उलट फुप्फुसांत पाणी साचण्याचे प्रकार वाढले. त्याआधी ‘सेफ’ चाचणीत (२००४) अतिदक्षता विभागातील सुमारे ७,००० रुग्णांमध्ये अल्ब्युमिन आणि साधे सलाईन यांचा मृत्युदर सारखाच निघाला, आणि मेंदूला गंभीर मार लागलेल्यांमध्ये अल्ब्युमिन घातक ठरल्याचे पुढे दिसले. मोटारसायकलच्या अपघातातले रुग्ण आमच्याकडे रोज येतात, त्यामुळे ही बाब विसरून चालणार नाही.

नातेवाईक विचारतात, “सायेब, यानं बाबाला ताकद येईल का?” याचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. ताकदीसाठी मुगाचे वरण, अंडी, शेंगदाणे पोटातूनच जायला हवेत.

मला अधिक अस्वस्थ केले ते दुसऱ्या बाजूने. ज्यांना अल्ब्युमिनची खरी गरज होती, त्यांना ते अपुरे मिळाले होते. सिरॉसिसमध्ये पोटात साठलेल्या पाण्याला जंतुसंसर्ग झाला, तर अँटिबायोटिकसोबत पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे १.५ ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी १ ग्रॅम अल्ब्युमिन द्यावे लागते. १९९९ मध्ये स्पेनमधील अभ्यासात या उपचाराने मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. ६० किलोच्या माणसासाठी पहिल्या दिवशी ९० ग्रॅम, म्हणजे साडेचार बाटल्या होतात. आमच्या कागदांवर मात्र ‘रोज एक, तीन दिवस’. बऱ्याच केसपेपरांवर वजनाचा रकाना कोराच होता, कारण खाटेवरून उठू न शकणाऱ्या रुग्णाचे वजन कोणी घेतलेच नव्हते. पोटातून ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढल्यावर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम द्यायचे असते. तिथेही किती पाणी काढले याची नोंद पुष्कळदा नव्हती.

आता बाटलीची चिठ्ठी लिहिण्याआधी कारण, वजन, काढलेले पाणी आणि एकूण ग्रॅम या नोंदी सक्तीच्या कराव्यात, असा आग्रह मी धरला आहे. पोटातल्या पाण्यातील पेशींची मोजणीही त्याच दिवशी व्हायला हवी. घनमिलिमीटरमागे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २५० किंवा अधिक निघाले की संसर्ग धरून उपचार सुरू करता येतो. एका बाटलीच्या तुलनेत या तपासणीचा खर्च किरकोळ आहे, पण आमच्याकडे ती रात्री होत नाही. प्रयोगशाळेशी माझे सध्या त्याबद्दलच बोलणे चालू आहे.