आण्णासो, आण्णा आणि अण्णासाहेब

'मयताचे नाव व ७/१२ वरील नाव यात तफावत. अर्ज परत.'

वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस नोंद करायच्या अर्जावर हे वाक्य गेल्या वर्षी मी तीन वेळा वाचलं. तिन्ही वेळा अक्षर न् अक्षर तेच. तिसऱ्या वेळी तर वाटलं, एकदा तरी पूर्णविराम विसरा की ओ, म्हणजे कोणीतरी माणसाने अर्ज उघडून बघितला एवढं तरी समाधान मिळेल.

आमचे वडील जून २०२५ मध्ये गेले, मिरजेच्या दवाखान्यात. घर सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या गावात. गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण घरातलं आणखी एक काम अजून त्याच टेबलावर आहे. भाऊ पुण्यात, त्याला रजा नाही. मी सांगलीत एका ऑफिसात हिशेब बघते. 'ताई, कागदपत्रांचं तुला कळतं' असं म्हणून दिवस व्हायच्या आतच सगळी पिशवी माझ्या हातात आली.

आमच्या भागातला 'सो' बाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो. साहेबचं लिहिताना 'सो' होतं. बाळासो, बापूसो, तात्यासो. कागदावर सो, लग्नपत्रिकेत साहेब, शेताच्या बांधावर नुसतं नाव. वडिलांच्या आधारवर 'आण्णासो', बँकेच्या पासबुकात 'अण्णासाहेब', रेशनकार्डावर 'आनासो' आणि सातबाऱ्यावर फक्त 'आण्णा'. ते होते तोवर हे कोणाला खुपलं नाही. सोसायटीत, डेअरीत, कारखान्याच्या गेटवर सगळे त्यांना तोंडाने ओळखत होते. गेल्यावर ते चार झाले.

मृत्यूचा दाखला सहज मिळाला. एवढंच लक्षात ठेवा की मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, राहत्या गावात नाही. आमचे एक चुलते उगीच दोनदा ग्रामपंचायतीत जाऊन आले. नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यातला मृत्यू असेल तर माहिती दवाखानाच पाठवतो, पण तिथल्या कागदावर नाव काय लिहिलंय हे सही करण्याआधी वाचा. आम्ही वाचलं नाही. त्या दिवशी कोण वाचतं?

मग रात्री घरी बसून सरकारी संकेतस्थळ उघडलं. पहिलाच चौकोन, 'विभाग निवडा'. खाली यादी. महसूल, ग्रामविकास, अन्न व नागरी पुरवठा, कृषी, सहकार. मी त्या यादीकडे बराच वेळ बघत बसले. मला कुठलाच विभाग नको होता. माझे वडील गेले होते. त्यासाठी काय काय करायचं असतं आणि आधी काय, नंतर काय, हे सांगणारा चौकोन त्यात नव्हता. कुठल्या कामाला कुठलं खातं हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठीच ते पान केलेलं होतं.

शेवटी पाठकोऱ्या कागदावर मीच यादी केली. सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) वर वारस. रेशनकार्डातून नाव कमी. मतदार यादीसाठी फॉर्म ७. घरचं मीटर आणि मळ्यातल्या मोटरचं कनेक्शन. बँक. सोसायटीचं पीककर्ज. कारखान्याचा शेअर. पीएम किसान. आधार. एकच बातमी, दहा जागा, आणि प्रत्येक ठिकाणी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा. मृत्यूच्या दाखल्याच्या मी ३१ झेरॉक्स काढल्या. झेरॉक्सवाल्या पोराने सातव्या खेपेला पैसे घेतले नाहीत.

यातलं बरंचसं आठ-पंधरा दिवसांत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आता वारस नोंदीचं सांगते.

आता ती महसूल खात्याच्या 'ई-हक्क' संकेतस्थळावर घरबसल्या करता येते हे खरं. खातं उघडायचं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, फेरफाराचा (म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीचा) प्रकार वारस, मग मयताचं खातं निवडायचं, वारसांची नावं भरायची, दाखला आणि वंशावळीचं स्वयंघोषणापत्र जोडायचं. अर्ज तलाठ्याकडे जातो. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच.) तिथून गाव नमुना ६-क म्हणजे वारस रजिस्टर, मग फेरफार, मग नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि शेवटी मंडल अधिकाऱ्यांची मंजुरी. जुलैत अर्ज केला तेव्हा मी भावाला फोनवर म्हणाले, दिवाळीच्या आत होतंय बघ.

बाराव्या दिवशी पहिली तफावत आली.

गावच्या कार्यालयात गेले. 'ताई, ह्यो आण्णा आन् दाखल्यावरचा आण्णासो एकच, हे आमी कशावरनं म्हणायचं?' ज्या माणसाने हे विचारलं त्याने वडिलांच्या हातचा गूळ खाल्लेला होता. पण गूळ काही पुरावा नव्हे. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. पाचशेचा स्टॅम्प आणला. केलं. जोडलं. परत तफावत. प्रतिज्ञापत्र आहे, पण 'शासकीय पुरावा' नाही. आधार जोडलं. तिसऱ्यांदा तफावत, कारण आधारवर आण्णासो आहे आणि तफावत नेमकी तीच आहे.

शाळेचा दाखला चालला असता. तो माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होता आणि २०१९ च्या पुरात पेटीसकट भिजून लगदा झाला. कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतली जुनी कागदपत्रं त्याच आठवड्यात गेली. पुरात कागद गेला म्हटलं की समोरचा मान हलवतो, कारण त्याच्याही घरात पाणी आलेलं असतं. पण मान हलवल्याने रकाना भरत नाही.

मग सल्ला मिळाला, आधी सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून घ्या, जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५, लेखन प्रमाद म्हणजे लिहिण्यातली चूक. ते तहसीलदारांच्या हातात. तालुक्याला गेले. एक अख्खी सकाळ बाकड्यावर. नंबर आल्यावर पलीकडचे म्हणाले, 'अर्जदार कोण?' मी म्हटलं, मुलगी. 'सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का?' नाही, तेच तर लावायचंय. 'मग दुरुस्ती खातेदाराने मागायची.' खातेदार वारले. 'मग आधी वारस नोंद करून या.'

हे मी तीन वेगवेगळ्या लोकांना तीन वेगवेगळ्या दिवशी सांगून बघितलं. वारस व्हायचं तर नाव दुरुस्त हवं, नाव दुरुस्त करायचं तर वारस हवा. तिघांनाही ते समजलं. तिघांनीही ते अडचणीचं आहे हे मान्य केलं. त्यातल्या एकाने तर 'खरंय ताई तुमचं' म्हणून चहा पाजला. काम तिथेच राहिलं.

याच दिवसांत, २ ऑगस्टला, वडिलांच्या मोबाईलवर मेसेज आला. पीएम किसानचा विसावा हप्ता, दोन हजार जमा. आई घाबरली, कोणीतरी फसवतंय म्हणाली. कोणी फसवत नव्हतं. एका खात्याला ते गेलेत हे अजून कळलं नव्हतं आणि दुसऱ्याला ते कधी होते हेच पटत नव्हतं. पैसे वापरू नका, असा हप्ता परत करावा लागतो. आणि हो, हे वर सांगायचं राहिलं. गेलेल्या माणसाचं सिमकार्ड लगेच बंद करू नका. गॅस, मीटर, बँक, सगळ्यांचे निरोप महिनोन् महिने त्याच नंबरवर येतात. आईने तो फोन देवळीत चार्जिंगला लावून ठेवला होता. वाजला की आम्ही सगळेच क्षणभर गप्प.

ऑनलाइन तक्रारही केली. उत्तर आलं, तक्रार संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आली आहे. संबंधित कार्यालय म्हणजे तेच, गूळ खाल्लेलं.

शेजारच्या काकूंचा मुलगा इंग्लंडात असतो. तो गणपतीला आला होता, त्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, तिकडे 'टेल अस वन्स' म्हणून सोय आहे. मृत्यूची नोंद झाली की तिथून एक नंबर मिळतो, त्यावर एकदाच सांगायचं, मग पेन्शन, कर, पासपोर्ट, गाडीचं लायसन, सगळ्यांना तेच कळवतात. बँकेत मात्र वेगळं सांगावं लागतं. मला ऐकून हेवा वाटला नाही, राग आला. कारण आपल्याकडेही जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा २०२३ मध्ये बदलला आणि ही माहिती मतदार यादी, आधार, रेशनकार्ड यांच्याशी जोडता येईल अशी सोय त्यात केली. म्हणजे सुचलेलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये तर राज्यभर जिवंत सातबारा मोहीम चालली, गावोगाव चावडी वाचन करून मयत खातेदार शोधले. सरकार स्वतः मयतांना शोधत फिरत होतं. आमचे वडील जूनमध्ये गेले. दोन महिन्यांनी हुकलं.

सुटलं कसं ते सांगते, आणि इथे थोडा माझा टेंभा मिरवून घेते.

हिशेबात फरक आला की आम्ही शेवटची बेरीज घोटत बसत नाही, ओपनिंगला, म्हणजे सुरुवातीच्या शिलकेला जातो. सप्टेंबरात एका रविवारी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा परत काढला आणि नावाऐवजी पहिल्यांदाच शेजारच्या आकड्याकडे बघितलं. वडिलांच्या नावापुढे फेरफाराचा नंबर होता. म्हणजे १९८७ साली आजोबा वारले तेव्हा वडिलांचं नाव ज्या नोंदीने लागलं, ती नोंद. ती काही कॉम्प्युटरने लिहिलेली नव्हती. तालुक्याच्या रेकॉर्डमध्ये फेरफार रजिस्टर असणार. नकलेसाठी अर्ज केला. पोच मागून घेतली. ही मागाच. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, अधिसूचित सेवेला मुदत असते, ती उलटली तर अपील करता येतं आणि दोष ठरला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. मी दंडाचं तोंडाने बोलले नाही. अर्जाच्या डोक्यावर कायद्याचं नाव तेवढं नीट अक्षरात लिहिलं.

नक्कल मिळाली. निळ्या शाईतलं, लफ्फेदार अक्षर. 'मयताचे वारस मुलगा आण्णासो.'

सो होता. ३८ वर्षं होता. हाताने लिहिलेलं संगणकावर चढवताना कुठेतरी गळला.

ती नक्कल घेऊन मी थेट मंडल अधिकाऱ्यांकडे गेले. माझा कागद नव्हता तो, त्यांच्याच खात्याचा होता, त्यांच्याच शिक्क्याचा. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, 'मग हे आधीच का नाही जोडलंत?' उत्तर जिभेवर आलं होतं, गिळलं. चौथा अर्ज केला, परत आला नाही. वारस रजिस्टरला नोंद झाली, दिवाळीनंतर नोटीस निघाली. ती 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर दिसते, मी रोज रात्री जेवल्यावर बघायची. हरकत कोणाची नव्हती. डिसेंबरात फेरफार मंजूर.

तुमच्या घरातही सो, राव, बाई, ताई यांचा घोळ असेल तर माणूस हयात असतानाच सातबाऱ्यावरचा फेरफार नंबर बघून जुनी नक्कल काढून ठेवा. हयात खातेदाराची दुरुस्ती त्याच्याच सहीने मागता येते. आम्ही आईचं आता करून घेतोय, आधारवर 'सुमन' आणि पासबुकात 'सुमनताई' आहे.

बहिणींसाठी एक वेगळं. अर्ज भरताना मला विचारलं गेलं, 'ताई, तुमचं नाव लावायचंय की हक्कसोड करताय?' जणू दोनातलं एक निवडायचं असतं. तसं नाही. वारस नोंदीत सगळ्या वारसांची नावं येतात. हक्कसोड हा नंतरचा, नोंदणी करायचा वेगळा दस्त आहे आणि तो करायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. 'सध्या नाव लावा' एवढंच मी म्हटलं. भाऊ शेजारीच होता, तोही 'लावा की' म्हणाला.

नवीन सातबारा आईला वाचून दाखवला. आईचं नाव, भावाचं, माझं. वडिलांचं नाव कंसात, वर आडवी रेष. आईने रेषेवर बोट ठेवून विचारलं, 'ह्यात तरी सो हाय का?' नव्हता. खोडलं तेही नुसतं आण्णा.

सोमवारी कारखान्याच्या शेअर विभागात जायचंय. तिथे अण्णासाहेब आहे. नकलेच्या दोन झेरॉक्स पिशवीत घातल्यात.